पन्हाळीच्या अलीकडे, पलीकडे

बसा मास्तर, एक गोष्ट सांगतो. आज सकाळचीच आहे, अजून गरम आहे. मधेच उठायचं नाही, सांगून ठेवतो.

आपल्या विष्णुपंतांची वृंदा दर रविवारी लोकांना अंबरनाथचं शिवमंदिर फिरवून दाखवते, माहितीये ना? आज पोरीचं लक्षच नव्हतं. संध्याकाळी पाचला तिला बघायला पाहुणे यायचेत. आणि ज्याच्यासाठी जीव वर-खाली होत होता, तो मिलिंद... त्याचा पत्ता नाही.

मिलिंद इथल्या जवळच्याच कॅम्प पाच वस्तीतला, जीन्सच्या कारखान्यात कापड कापणारा कटिंग मास्टर. महिन्यापूर्वी पहिल्यांदा आला तो उशिरा, वर उलट्या बाजूनं शिरला. आता शंकराची प्रदक्षिणा कशी, अभिषेकाचं पाणी पडतं त्या पन्हाळीपर्यंत जायचं नि मागं फिरायचं, ओलांडायचं नाही. ही घोळका घेऊन अलीकडे, हा पलीकडे उभा. म्हणाली, फिरून या. आला बिचारा अख्ख्या देवळाला वळसा घालून, धापा टाकत. म्हणाला, दगडाला दगड असा जोडलाय, कुठं शिवण दिसत नाही. झालं, तेव्हापासून हिला आठवडा सरता सरेना.

आजही ती भिजल्या काळ्या दगडावर हात ठेवून सांगत होती, उत्तरेकडची घडण नि दक्षिणेकडची, इथं एकाच भिंतीत... आणि मान वर केली तर पन्हाळीपलीकडे मिलिंद. पुन्हा उलटाच.

लोकांना थांबा म्हणाली नि ओढणी खोचून मागं पळाली. तिकडून तोही पळाला. पार पलीकडच्या कोपऱ्यावर दोघं आपटता आपटता राहिले.

"पाचला मला बघायला येतायत," ती म्हणाली.

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. "आम्ही बौद्ध, वृंदा. तुझे बाबा..."

"दर रविवारी मी काय सांगते, ते ऐकतोस की नुसता बघतोस?"

"बघतोच जास्त. पण ऐकलंय... दोन तऱ्हा, एक भिंत, साडेनऊशे वर्षं."

"मग?"

"मग पाचपर्यंत कशाला थांबायचं? मी चारला येतो. आईला घेऊन."

तिकडं घोळका पन्हाळीपाशी ताटकळतोय, इकडं ही हसतेय का रडतेय, तिचं तिला कळेना.

तिनंच येऊन मला हे सगळं सांगितलं. आता पावणेतीन झालेत, मास्तर. विष्णुपंत तापट माणूस, पण तुमच्या शब्दाबाहेर नाही. चहा राहू द्या. चपला घाला, नि चारच्या आत जाऊन एवढं त्यांच्या कानावर घाला की.