दुसरे दहा

वारा पडला. बसा आता. ते खेळायचे लोखंडी गोळे राहू देत तिथंच, सकाळी उचलू.

मेएल, तू विचारत होतीस ना, आपल्या गावचं घड्याळ प्रत्येक तास दोनदा का वाजवतं म्हणून? मळ्यातल्या माणसाचे ठोके मोजायचे राहिले, तर दोन मिनिटांनी पुन्हा मोजता यावेत, एवढ्याचसाठी. पण पुलापलीकडं टेकडीवर, वरच्या गावात त्याचा एक नियम झाला होता. पहिले दहा वाजले की घराकडे निघायचं. दुसरे दहा वाजले की दाराला कडी. मग बाहेर राहिला तो राहिला.

ही गास्पारची गोष्ट. त्यानं स्वतः मला सांगितली, माझ्या स्वयंपाकघरात बसून. चिडका माणूस, पण खोटं बोलणारा नव्हे.

त्याची आई देल्फीन. घड्याळाला मोटर बसायच्या आधी वरच्या गावची घंटा तीच वाजवायची. दोरानं हात सोलतात म्हणून निळा एप्रन हातांना गुंडाळून. ती गेली तेव्हा गास्पार लांब वालाँस शहरात ट्रक चालवत होता. दफनाला आला नाही. रजा मिळाली नाही म्हणाला. त्याची बहीण ऑनोरीन त्यानंतर नऊ वर्षं त्याच्याशी बोलली नाही.

मग २०१६ सालच्या नोव्हेंबरची सतरा तारीख. गुरुवार. दुपारी ऑनोरीनचा फोन आला. छातीचं दुखणं तिचं, शब्दाशब्दाला थांबत होती.

"आज ये. उद्या नको. दुसऱ्या दहापर्यंत वाट बघते. दार लोटलेलं ठेवीन."

गास्पार लगेच निघाला. पण त्या दिवशी सगळंच आडवं. हमरस्त्यावर ट्रक उलटलेला, तीन तास गाडी जागची हलली नाही. साडेनऊला आपल्या रोमन पुलाशी पोचतो, तर खोदकाम. अडसर लावलेले, राखणीला कुणी नाही. मागं वळवून गाडी लावायला गेला, तर पार्किंगचं यंत्र कार्ड घेईना. त्यानं यंत्राला लाथ मारली आणि स्वतःचाच अंगठा धरून बसला.

"दोन हजार वर्षं पूल उभा आहे," तो एकटाच ओरडला, "आणि या गाढवांना एक केबल पुरता येत नाही!"

गाडी तशीच सोडून पायी निघाला. पूल ओलांडला. जुनी वेस ओलांडली. खोदकामामुळं वरचे दिवे बंद. तरी त्याला काय, त्या गल्ल्यांत तो लहानाचा मोठा झालेला. डावीकडं चर्चचा चढ, पुढं बहिणीचं दार. तो चढला. वळला. आणि निघाला कुठं, तर दगडी हौदापाशी. खाली.

हौदाशी एक म्हातारी वाकून बसली होती. दोन्ही हात पाण्यात. नोव्हेंबरच्या त्या थंडीत.

"उजवीकडनं जा, पोरा."

"पोरा काय, आजी! साठी उलटली माझी. रस्ता ठाऊक आहे मला."

डावीकडनंच गेला. हट्टी. पुन्हा हौद.

"माझं ऐकायचं नाहीच का कधी?"

"तुम्ही आधी हात काढा पाण्यातनं. आजारी पडाल."

तेवढ्यात घंटा. पहिले दहा.

दोन मिनिटं. तो पळाला. चढ, पायऱ्या, भिंत. दुसरी गल्ली. भिंत. तो भिंतीला शिव्या देत होता. छाती फुटायला आली. इतका वेळ झाला... दुसरे दहा वाजून गेले असणार. ऐकू आले नाहीत, एवढंच. संपलं. नऊ वर्षांनी बोलावलं, आणि मी...

पुन्हा हौद.

तो खाली बसला. रडला म्हणाला. रागानंच.

म्हातारीनं हात बाहेर काढले. तळवे सोललेले.

"अजून वाजले नाहीत. बांधून आलेय मी. पण... फार वेळ राहणार नाही ते. जा."

"काय बांधून?"

तिनं उजवीकडं बोट केलं.

तो उजवीकडनं गेला. वीस पावलं. दार. लोटलेलं.

ऑनोरीन उशीला टेकून बसली होती. "आलास," म्हणाली. "दुसऱ्या दहाच्या आत."

"आईच्या वेळी मी... रजेचं खोटं होतं, ऑनोरीन. धीर झाला नाही माझा."

"ठाऊक होतं. तुझ्या तोंडून हवं होतं. हात दे इकडं. किती गार पडलायस, वेड्या."

मग घंटा वाजली. तिनं ओठांनी मोजले. सात... आठ...

दहावा त्यानं एकट्यानंच मोजला.

काय म्हणतोस, रेमी? हो, मीही त्या रात्री जागा होतो, खाली माझ्या घरात. दोन्ही दहा ऐकले. मध्ये दोनच मिनिटं. रोजच्यासारखी. गास्पार म्हणतो, तासभर चालत होतो. मी विचारलं, म्हातारी ओळखू आली का? "अंधार होता," म्हणाला. मग उठून कप विसळायला लागला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. घड्याळाला तेल घालायचं काम तेव्हा माझ्याकडं. मनोऱ्याची किल्ली एकच, तीही माझ्याकडं. कुलूप नीट होतं. जिन्यावर धूळ, पावलं नाहीत.

वर गेलो. घंटेच्या हातोड्याला निळा एप्रन अडकलेला. एक गाठ सुटलेली, एक तशीच. आणि ओला. पाणी ठिबकत होतं...

तो एप्रन मी ओळखतो, पोरांनो. ऑनोरीननं तो आईच्या हातांखाली घडी घालून ठेवला होता. शवपेटीचं झाकण मीच बसवलं होतं.