वरच्या मजल्यावरचं टीव्ही कार्ड

दार उघडलं, तर खांद्याला बॅग अडकवलेला एक उंच मुलगा.

"कॉम्प्युटरवर चॅनल दाखवणारं टीव्ही कार्ड बिघडलंय, ते तुमच्याकडेच ना?"

"नाही… ते वर. नाच शिकवते ना, तिच्याकडे."

"अरेच्चा, मजला चुकला!" तो हसून वर गेला. मी मात्र दार लावायचं विसरले.

उतरताना त्याने पाणी मागितलं.

"झालं दुरुस्त?"

"चित्र येतंय, पण आवाज खरखरतोय. परत यावं लागेल."

तो परत आला, मग येतच राहिला. माझ्याकडे पाणी प्यायचा, दोन शब्द बोलायचा आणि वर मात्र तासभर! वरची दिसायला लाखात एक. ती हसली की जिन्यापर्यंत ऐकू यायचं, आणि खाली माझा नुसता जळफळाट.

"एवढं काय असतं हो त्या कार्डात?" शेवटी मी विचारलंच.

"प्रत्येक देशाच्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या. सेटिंगमध्ये चुकीचा देश निवडला, की चॅनल जरा जरा सरकतात."

"मग बरोबर देश निवडायचा!"

"तितकं सोपं नसतं…" तो पेल्यात बघत म्हणाला.

सोपं नसतं म्हणे! दुसऱ्या दिवशी मी तडक वर गेले. सेटिंगमध्ये भलताच देश! आपला निवडला, चॅनल पुन्हा शोधायला लावले, आणि बातम्या देणारी बाई खणखणीत बोलू लागली.

"अगं, तो तर म्हणायचा फार किचकट काम आहे," वरची थक्क.

आता येऊन दाखव म्हणावं!

तो खरंच आला नाही. पावलं वाजली की मी दाराशी धावायचे, आणि निघायचा पेपरवाला. स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला होता मी.

मग एका संध्याकाळी बेल वाजली.

"वरचं कार्ड तुम्ही दुरुस्त केलंत?" त्याचा चेहरा पार उतरलेला.

"हो. तिचं दर्शन बंद झालं म्हणून वाईट वाटतंय?"

"तो देश मीच मुद्दाम चुकीचा ठेवत होतो."

"वा! वर तोंड करून सांगताय…" माझे डोळे भरून आले.

"अहो, पूर्ण ऐका तरी! वर जाताना तुमचं दार लागतं… म्हणून." त्याचे कान लाल झाले. "तुम्ही आवडता मला."



"कोण आहे गं?" आतून आई ओरडली.

"टीव्ही कार्डवाला."

"मग पाठव की वर!"

"नाही आई," मी दार सताड उघडलं, "तो आपल्याकडेच आलाय."