गादीच्या जागी टेबल

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी चार हमालांनी ते टेबल हॉलच्या मधोमध टेकवलं, आणि ताईची झोपायची जागा गेली.

त्या क्षणी हे कळलं होतं फक्त ताईला. भाऊ हमालांना "सांभाळून, सांभाळून" म्हणत होता, म्हणजे काहीच करत नव्हता. भावजय चार पावलं मागे सरून, मान तिरकी करून बघत होती. पुतणी मोबाइलवर फोटो काढत होती. आणि गेली पाच वर्षं फरशीच्या ज्या तुकड्यावर ताई रोज गादी पसरत आली आणि घरातल्या कुणाचा पाय लागायच्या आत रोज पहाटे गुंडाळून सोफ्यामागे सारत आली, त्याच तुकड्यावर आता शंभर वर्षांपूर्वीचं, काळ्याभोर लाकडाचं, एका जाड खांबावर उभं असलेलं गोल टेबल ऐसपैस बसलं होतं... जसं काही घर त्याच्याच नावावर होतं!

"जरा डावीकडे घ्या," भावजय म्हणाली.

चौघांनी दम रोखून ते वीतभर सरकवलं.

"नको. होतं तिथेच बरं होतं."

म्हाताऱ्या हमालाने तिच्याकडे एकदा नीट पाहून घेतलं. त्या अख्ख्या दिवसात ताईला कुणाविषयी आदर वाटला असेल तर तो त्या नजरेविषयी.

आणि मौज अशी, की हे टेबल निवडलं होतं ताईनेच!

सकाळी अकरा वाजता ताई, भाऊ आणि भावजय जुन्या सामानाच्या दुकानात गेली होती. भावजयीच्या मैत्रिणींचं एक मंडळ होतं. दर महिन्याला एकीच्या घरी जमायचं, चहा प्यायचा आणि घरी जाऊन दुसरीच्या पडद्यांना नावं ठेवायची. मंडळातल्या दोघींच्या हॉलमध्ये व्हिंटेज टेबल आलं होतं. येत्या रविवारी भावजयीची पाळी होती.

"वन्सं, तुम्हाला लाकडातलं कळतं म्हणून आणलंय हं," ती दुकानाच्या पायरीवरच म्हणाली. "हॉलमध्ये काय शोभतं ते मी बघेन."

लाकडातलं कळत होतं खरं. वडील गेले तेव्हा ताई सतरा वर्षांची होती. ती फर्निचरच्या कारखान्यात पॉलिशला लागली आणि एकोणचाळीस वर्षं चपडी लाख आणि स्पिरिटच्या वासात उभी राहिली. आधी नाकाला वास येईनासा झाला, मग बोटांवरच्या रेषा पुसल्या. भावाचं शिक्षण अर्ध्यावर राहू नये म्हणून तिने चालून आलेली दोन स्थळं परत पाठवली. त्यातलं दुसरं तिला मनापासून हवं होतं. पुढे तिची भाड्याची खोली पाडायला काढली तेव्हा भाऊच म्हणाला होता, "ये की चार दिवस." त्या चार दिवसांना आता सहावं वर्ष लागत होतं.

दुकानात शेवटी दोन टेबलं उरली. पहिलं नाजूक, पिंगट, जागोजागी बारीक भोकं पडलेलं.

"बघा, किती किडलंय!" भावजय हरखून म्हणाली. "हे नक्कीच जुनं."

ती आणि भाऊ दिवे बघायला पलीकडे गेल्यावर ताईने ते टेबल एका हाताने उचलून पाहिलं. अलगद उचललं गेलं! "रात्री एका माणसाला सरकवता येईल ना हो?" तिने दुकानदाराला विचारलं.

"पोरसुद्धा सरकवेल, बाई."

ताईच्या काळजात काहीतरी लकाकून गेलं. रोज रात्री हे खिडकीशी सारायचं, गादी पसरायची, सकाळी पुन्हा मधोमध... कुणाच्या लक्षातही येणार नाही! त्यासाठी फक्त 'जुनं आहे, खरं आहे' एवढं म्हणायचं होतं.

तिने दुकानदाराकडून सुतळी मागून घेतली. टेबलाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत एकदा माप घेतलं, मग आडवं घेतलं. दोन्ही मापं तंतोतंत सारखी!

"काय निघालं?" भावजय परत आली.

ताईने सुतळी बोटाभोवती गुंडाळली. आयुष्यभर तिने नव्या लाकडाला साखळीने बडवून, चहाच्या पाण्यात माखून, दाभणाने टोचून 'जुनं' करणारे कारागीर पाहिले होते आणि त्यांच्यासोबत कधी डबा खाल्ला नव्हता. आता गादीपुरत्या जागेसाठी त्यांच्या पंगतीला बसायचं?... ओठांशी आलेला शब्द तिने गिळला.

"खोटं आहे. पूर्ण गोल आहे हे."

"इश्श! गोल टेबल गोलच असणार ना, वन्सं!"

"जुनं नसतं. लाकूड आडवं आकसतं, लांबीला नाही. शंभर वर्षांत गोलाचा गोल राहत नाही. आणि ही भोकं बघ, सगळी सरळ आत गेलीत. किडा काय फूटपट्टी लावून खातो?"

दुकानदाराला अचानक दिवे पुसायची आठवण झाली. ताईने दुसरं टेबल मापलं. ते एका बाजूने दोन बोटं कमी भरलं. उचलून बघायचा प्रश्नच नव्हता.

"हे खरं," ती म्हणाली, आणि बाहेर फुटपाथवर जाऊन उभी राहिली.

आणि आता ते खरं टेबल हॉलमध्ये आलं होतं. हमाल गेले. फोटो काढता काढता पुतणी मध्येच थांबली.

"पण आई... आत्या झोपणार कुठे?"

भावजयीने एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा नणंदेकडे, आणि दोन्हींत अवजड काय ते मनाशी ठरवून टाकलं.

"स्वयंपाकघरात. ओटा आणि फ्रिजच्या मध्ये मावतं की एक माणूस."

भाऊ टेबलाच्या खांबावरची नक्षी बघण्यात गढून गेला होता. "बघू, काढू काहीतरी मार्ग," तो म्हणाला. जी कामं करायची नसतात त्यांच्या कागदावर तो ऑफिसात हेच लिहायचा.

"मार्ग काढायला नको," ताई म्हणाली. "माझ्या जुन्या कारखान्याच्या माडीवर खोली रिकामी आहे. मालकीणबाई केव्हाच्या बोलावतायत. कामही आहे."

लाकडाबद्दल जिला खोटं बोलता आलं नाही ती हे बिनदिक्कत बोलून गेली. बॅग घेऊन उतरताना जिन्यात थांबून तिने फोन लावला तेव्हा आपण ताईला बोलावतोय हे मालकिणीला पहिल्यांदाच कळलं.

मंगळवारी भाऊ कारखान्यात आला. ताई एका खुर्चीच्या पाठीला पॉलिशचा हात देत होती. तो दारातच उभा राहिला.

"ताई... मी दुकानात फोन केला होता. म्हटलं, हे जड पडतं, ते हलकं बदलून द्या."

"मग?"

"तो म्हणाला, तुमच्या बहिणीने तेच विचारलं होतं. एका माणसाला सरकवता येईल का म्हणून. तो हो म्हणाला होता." भाऊ एक पाऊल आत आला. "तुला माहीत होतं, ताई! खरं सांगितलंस तर जागा जाणार, हे तुला माहीत होतं... आणि मी तिथेच असून मला दिसलं नाही!"

"तू दिवे बघत होतास."

तो खुर्चीवर वाकला आणि त्याला हुंदका फुटला. वर्षानुवर्षं साचलेलं सगळं एकदम फुटल्यासारखा तो रडायला लागला. ताईचा हात थांबला नाही.

"बाजूला होऊन रड," ती म्हणाली. "ओल्या पॉलिशवर पाणी पडलं की पांढरा डाग उठतो."

"मी टेबल परत करतो!"

"खबरदार! इतक्या वर्षांत तुमच्या घरात एक तरी खरी वस्तू आलीय."

त्यानंतर तो रोज ऑफिस सुटल्यावर येऊ लागला. ताईने त्याच्या हातात पॉलिशपेपर दिला. तो लाकडाच्या रेषेच्या उलट घासायचा आणि ती त्याला पुन्हा घासायला लावायची. त्याने मुकाट्याने तीन स्टुलं घासली.

गुरुवारी साडेपाच वाजता त्याने पेपर खाली ठेवला.

"चल घरी. तुम्ही तिघी आतल्या खोलीत झोपा. मी झोपतो ओट्याजवळ."

ताईने पहिल्यांदा हातातलं काम बाजूला ठेवून त्याच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे तरळलं ते स्पिरिटमुळे असावं, असं ती म्हणते.

"बायकोला विचारलंस?"

त्याने खाली ठेवलेला पेपर पुन्हा उचलला.

"विचारून ये," ती म्हणाली.

तो लगेच निघाला. शुक्रवारी संध्याकाळी सहाला कारखान्याचं शटर पडलं तोवर तो आलेला नव्हता. ताईने दिवसभरात दोनदा दाराकडे पाहिलं, असं तिच्या शेजारच्या कारागिरणीचं म्हणणं आहे. ताईला हे मान्य नाही.