फाट्यापर्यंतची माळ

मधुकर पोतनीस हा विश्रामबागेतला लायटिंगवाला तसा भित्रा माणूस नव्हे. भर पावसात खांबावर चढून जोड देणारा गडी. पण विट्याजवळच्या त्या रिसेप्शनचा विषय निघाला, की अजूनही सुपारी कातरता कातरता त्याचा हात थांबतो.

त्र्याहत्तरचा मे महिना. रिटायर सुभेदार लालासाहेबांच्या मनूचं लग्न. जावई गलाईवाला, मद्रासेत सोनं गाळायचं दुकान. त्या मंडळींनी शहरं बघितलेली, तेव्हा सकाळी नुसतं लग्न लावून भागायचं नाही, संध्याकाळी रिसेप्शन हवं, झगमगाट हवा. झालं, आदल्या दिवशी सकाळीच मधुकर ट्यूबा, माळा आणि वीज गेलीच तर म्हणून दोन गॅसबत्त्या टेम्पोत घालून दारात हजर झाला.

पावलांनी मांडव मोजत त्यानं विचारलं, "सुभेदारसाहेब, कुठं कुठं उजेड करायचा?"

"मांडवात, नवरानवरीच्या खुर्च्यांवर आन पंगतीला. बास. फाट्याकडं न्हाई."

"अहो, पाहुणे तिकडूनच येणार. ठेचकाळतील अंधारात."

"पावनं गाडीनं येत्यात. गाडीला दिवं असत्यात," लालासाहेब म्हणाले आणि आत निघून गेले. तो आवाज वाद घालण्याजोगा नव्हता.

दुपारी गोठ्यामागं मधुकर तारा सोडवत बसला होता. तिथं साळूबाई आल्या, मनूची आई. पदराखाली चहाचा पेला, डोळे घराच्या दाराकडं.

"भाऊ, एक माळ फाट्यापातूर न्या की. माझा मानसिंग यील भनीच्या लग्नाला. मांडव घातल्यावर घराचं त्वांडच बदलतंय, त्याला वळखू यायचं न्हाई."

मानसिंगचं मधुकरला गावात पाऊल टाकताच कळलं होतं. तो फौजेत होता. एकाहत्तरची लढाई संपून दीड वर्ष झालेलं. बेपत्ता म्हणून तार आली होती, पुढं काहीच नाही. वर्षभरानं लालासाहेबांनी दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी दिला आणि विषय मिटवला. साळूबाईंनी मात्र त्या रात्रीही लेकाची भाकरी झाकून ठेवली होती म्हणे.

त्या बाईला नाही म्हणणं मधुकरला जमलं नाही. एवढीच त्याची चूक, आणि ती त्याला आजही खाते.

त्याच्याकडं एक जादा माळ होती, स्वतः ओवलेली, चाळीस रंगीत बल्बांची. सगळे बल्ब एकाच तारेत, एकापाठोपाठ एक. अशी माळ मोठी हट्टी असते. एक बल्ब गेला की सगळी माळ आंधळी, मग बसा एकेकाला चाचपत. दुसऱ्या दिवशी पाहुण्यांच्या गडबडीत त्यानं ती बांबूंवरून छातीएवढ्या उंचीनं फाट्यापर्यंत नेली. लालासाहेबांनी बघितली, पण चार माणसांत बोलले नाहीत.

दिवे लागायच्या वेळी त्यानं बटण दाबलं. मांडव उजळला, क्लॅरिनेट सुरू झालं, मोगऱ्याचा आणि मसालेभाताचा वास एकात एक मिसळला. मधुकर बोर्डापाशी स्टुलावर बसला. सहज फाट्याकडं नजर गेली, तर टोकाचा बल्ब विझलेला.

तो चटकन उठला. आता अख्खी माळ जायला हवी होती. पण बाकीचे बल्ब शांत जळत होते. मग दुसरा विझला आणि पहिला परत लागला. तिसरा... चौथा... कुणीतरी माळेच्या अलीकडून मांडवाकडं चालत यावं तसा तो अंधार पुढं सरकत होता. त्याच्यामागं फाट्याशी आणखी एक बल्ब विझला. त्यामागं आणखी एक. सगळे अंधार सारख्या अंतरावर, एका ठेक्यात. माणूस मात्र एकही दिसत नव्हता.

क्लॅरिनेट वाजतच होतं. पाहुणे सरबत पीत होते. मोगऱ्याच्या वासात मधुकरला ओल्या बुटांचा वास आला.

साळूबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन मांडवाच्या तोंडाशी उभ्या होत्या. उंच माणसाकडं बघावं तशी मान वर केलेली. त्यांनी तुकडा ओवाळून टाकला, पाणी ओतलं. एक पाऊल बाजूला सरकल्या आणि पुन्हा ओवाळलं. असं अकरा वेळा. मग मधुकरच्या जवळून जाताना हळूच म्हणाल्या, "एकटा न्हाई आला, भाऊ... लेकरं उपाशी हायती समदी."

मधुकरच्या मागं लालासाहेब कधी येऊन थांबले होते कोण जाणे. त्यांचा हात कपाळाशी गेला होता, सलामीला.

"आख्खं सेक्शन आनलंय पोरानं, समदी तुकडी..." ते पुटपुटले.

पंगतीच्या कडेला साळूबाईंनी अकरा पत्रावळ्या मांडल्या आणि भात स्वतःच्या हातानं वाढला. आचाऱ्यांना वाटलं, देवाची पानं असतील. प्रत्येक पत्रावळीपाशी त्या घटकाभर वाकत, काहीतरी बोलत, हसत. असं हसू त्या बाईच्या तोंडावर दीड वर्षात नव्हतं, हे मधुकरला कुणी सांगावं लागलं नाही. त्याला भरून आलं. भीती बाजूला राहिली आणि वाटलं, बरं झालं आपण माळ नेली.

तेवढ्यात फोटोसाठी मंडळी उठली, गर्दी झाली. गर्दी पांगली तेव्हा मांडवाजवळचा पहिला बल्ब विझला होता. आता ते परत निघाले होते. मधुकर बसल्या जागी मोजू लागला. आठ... नऊ... दहा... अकरा.

आणि बारा.

बारावा अंधार ठेक्यात चालत नव्हता. तो रेंगाळला, मांडवाकडं वळून बघावं तसा एका बल्बापाशी थांबला आणि मग बाकीच्यांना गाठायला घाईघाईनं पुढं गेला.

खुर्चीवरून मनूचा आवाज आला, "आई कुठाय? फोटोला बोलवा की तिला."

बायका घरात बघून आल्या. परसात बघून आल्या. पंगतीच्या कडेला भाताचं रिकामं पातेलं तेवढं होतं.

मधुकरचा हात आपोआप बटणाकडं गेला. माळ बंद केली तर सगळं थांबेल, असं काहीतरी वेडं त्याच्या मनात आलं. पण लालासाहेबांनी त्याचं मनगट धरलं. नजर फाट्याकडं, आणि आवाज एवढा हलका की ऐकायला वाकावं लागलं.

"ऱ्हाऊ द्या, मधुकरराव... तिला अंधारात चालायची सवय न्हाई."