सकाळी नेतो, मावशी

बसा. गाडी कळंबोलीला पंक्चर झालीय म्हणे, तासभर कुठे जात नाही. सुनीती, बॅग ओट्यावर घे, खाली ओल आहे. लडाखचे विहार बघायला चाललाय ना सगळे? मग जयदेवचं ऐकून जा.

भूतखेत आपण मानत नाही. मीही नाही. पण जयदेव अकरा वर्षं माझ्याबरोबर एकाच कंपनीत, एकाच पाळीला होता. सरळ माणूस. खोटं बोलायला गेला की कान लाल व्हायचे. आयुष्यात एकदाच धडधडीत खोटं बोलला, त्याची ही गोष्ट.

एकवीस नोव्हेंबर त्र्याऐंशी, सोमवार. कंपनी सुटल्यावर तो ठाणे-बेलापूर रोडला तळवलीच्या स्टॉपवर उतरला. संध्याकाळचे सात वाजले असतील. हातात कापडी पिशवी. पिशवीत एक लुगडं, पितळेचा तांब्या आणि दोरीनं बांधलेला चष्मा. सगळं बयाबाईचं. ते तिच्या लेकीला, गोजराला, द्यायचं होतं. सहलीवरून येऊन दोन आठवडे झाले होते, पण ह्याचा पाय निघत नव्हता.

बयाबाई मूळची परभणीकडची, सत्तरीची, काडीसारखी. जयदेव दरवर्षी आपल्या लोकांची सहल काढायचा. त्या वर्षी नागपूर, बुद्धगया आणि तिथून पुढे दार्जिलिंगकडचे डोंगर. तिकडच्या विहारांना गोंपा म्हणतात. बावीस दिवस, एक्केचाळीस माणसं. शेवटी शेवटी लोक जेवता जेवता पेंगायचे. आणि सगळ्यांचं सगळं जयदेवच्या डोक्यावर. कुणाचं पोट बिघडलं, कुणाची चप्पल हरवली, कुणाला खिडकीच पाहिजे. सिलिगुडीला मोठी गाडी ठेवून जीपा केल्या, तिथपासून तो नीट झोपलाच नव्हता.

शेवटचा गोंपा डोंगराच्या माथ्यावर होता. खाली धर्मशाळा, आणि तिथून वर दोनशे बारा पायऱ्या. पोचले तेव्हा अंधारत होतं. सगळे वर जाऊन आले. बयाबाईचे गुडघे सुजलेले, ती खालीच बसून राहिली.

"लेकरा, मला तेवढं वर ने. पाठीवर घे. म्या वजनाला काय बी न्हाई."

जयदेव तोवर दोनदा वरखाली करून आला होता. 

"सकाळी नेतो, मावशी. पक्कं."

"सकाळी?"

"उजाडल्या उजाडल्या."

तिनं घोंगडी ओढून घेतली, बस.

सकाळी हा चहा घेऊन गेला तर अंथरूण रिकामं. बाहेर आला. बयाबाई सातव्या पायरीवर बसली होती. वर तोंड करून. रात्री कधीतरी एकटीच निघाली असणार... हात लावला तर लाकूड.

तिकडेच अग्नी दिला. तार केली. सहल पुढे निघाली, थांबणार कुठे?

तर त्या सोमवारी तळवलीला गोजरानं पिशवी घेतली. चष्मा काढून बघितला, पदरानं पुसला. मग एवढंच विचारलं, "दादा, आईनं दर्शन घेतलं ना?"

जयदेव म्हणाला, "हो तर. वर जाऊन आली. खूश होती."

गोजरानं त्याच्याकडे पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. मग चहा ठेवला.

जयदेव राहायचा वाशीला, सिडकोच्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. चोपन्न पायऱ्या, लिफ्ट नाही. पोचला तेव्हा पावणेदहा झाले होते आणि लाईट गेलेली. वरच्या खिडकीत बायकोनं, रखमानं, मेणबत्ती लावलेली दिसत होती. रोजचा जिना. हा अंधारातच चढायला लागला.

पहिल्या मजल्यावर खांदे दुखायला लागले. त्याला वाटलं, दमलोय.

दुसऱ्या मजल्याला पाठ वाकली. सरळ होईना. कठडा धरावा म्हणून हात शोधले, तर दोन्ही हात मागे गेलेले. आपोआप. एकमेकांत अडकलेले. लहान पोराला पाठीवर घेतो ना आपण... तसे.

तो थांबला.

जिन्यात कुणी नाही. पण श्वास ऐकू येतोय. कानाशी. म्हातारा श्वास, धापा टाकणारा.

"हळू... लेकरा."

मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. मला म्हणाला, भीती वाटली, पण त्याहून जास्त काय वाटलं सांगू? थकवा. बावीस दिवसांचा सगळा थकवा एकदम अंगात उतरला. वाटलं, इथेच बसावं. बसलो तर सुटेन. आणि लगेच वाटलं... बसलो तर तिच्यासारखा बसून राहीन.

चढत राहिला.

घराचं दार आलं. रखमानं उघडलं, मेणबत्ती वर धरली.

"अहो, असे वाकून का उभे? आत या ना."

पाय उंबरा ओलांडेना.

"अजून..." कानाशी. "वर."

"काय झालं? बोला की!"

तो बोलला नाही. वळला. चढला. वर गच्चीचं दार, दाराला कुलूप. तिथे उभा राहिला. कुलुपासमोर. वाकून.

रखमानं हात ओढला. हलेना. शेजाऱ्याला हाक मारावी तर तिच्या तोंडून आवाज फुटेना. मेणबत्ती संपली. ती पायरीवर बसून राहिली...

हा उभा.

पहाटे कावळे ओरडायला लागले तसं पाठीवरून काहीतरी उतरलं. सावकाश. आणि जिना उतरून गेलं. एक पायरी... थांबा. एक पायरी... थांबा. ते रखमानंही ऐकलं. दोघं नवराबायको भिंतीला टेकून बसली. उजाडेपर्यंत.

सकाळी जयदेव कंपनीत आला नाही, थेट तळवलीला गेला. गोजरासमोर हात जोडले, खरं काय ते सांगितलं. वाटलं होतं, ही आता शिव्या घालील, चपलेनं मारील. ती तांदूळ निवडत होती, ते निवडत राहिली.

मग म्हणाली, "मला ठाऊक होतं, दादा. तार आली त्या रात्रीपासून ती येती. दाराशी बसती. आत ये म्हटलं, तर म्हनती, पाय दुखत्यात."

"तू मला बोलली का नाहीस?"

"तुमच्या तोंडून यायला पायजे होतं." सूप खाली ठेवलं. "आता तरी घेऊन जा तिला. मी बी येते."

मे महिन्यात गेले. सोळा माणसं, त्यात आमच्या कंपनीतला मधुकर होता. तो बॉक्स कॅमेरा घेऊन आधीच वर जाऊन उभा राहिला. दुपारचं लख्ख ऊन. जयदेव सातव्या पायरीपाशी आला, खाली बसला, हात मागे घेतले आणि उठला.  कुणी हसलं नाही. गोजरा मागून चालली होती. दोनशे बारा पायऱ्यांना त्याला दीड तास लागला. वर आत लामांचं पठण चाललेलं. दारापाशी जयदेव हळूच खाली टेकला, म्हाताऱ्या माणसाला उतरवताना टेकतो तसा. थोडा वेळ तसाच राहिला. मग ताठ उभा राहिला. त्या दिवसानंतर ना जिन्यात काही, ना गोजराच्या दाराशी.

मनाचा खेळ, म्हणाल. अपराध मनाला लागतो, पाठ वाकवतो. मी जयदेवला हेच समजावलं होतं. तो नुसता मान हलवायचा.

पुढे मधुकरनं पनवेलला रोल धुऊन आणला. त्यात पायऱ्यांवरचा एक फोटो आहे, मी स्वतः हातात घेऊन पाहिलाय. बाकीचे सगळे खाली वळणाआड, जयदेव एकटाच, वाकलेला. मागे पताकांची दोरी. वारा अजिबात नाही, सगळ्या पताका सरळ खाली लोंबतायत. पाठीवर कुणी नाही, काही नाही. फक्त त्याचा पांढरा शर्ट बघा... दोन्ही खांद्यांवर कापड चुरगळून गोळा झालंय. मागून दोन मुठींनी घट्ट धरल्यासारखं.