काचेवरची आखणी

गंगावेशीत माझा गणपतीचा कारखाना आहे. दुसऱ्याच्या मूर्तीला मी सहजासहजी चांगलं म्हणत नाही, म्हणून गल्लीत मला कृष्णातऐवजी खडूस म्हणतात. असा मी जानेवारीत पीटर्सबर्गला गेलो आणि तोंडाचा आ करून हिंडलो.

माझी एकुलती एक पोर, वर्षाराणी, तिथं डॉक्टरकी शिकत होती. दोन वर्षं घरी आली नव्हती. चार दिवस शहर बघायचं आणि सुट्टीला तिला घरी घेऊन यायचं, एवढाच बेत होता.

काय सांगू ते शहर! सकाळी दहाला उजाडायचं. हळदीसारख्या पिवळ्या इमारती, पांढरे खांब, सज्जे खांद्यावर पेलणारे दगडी बाप्ये, घुमटांवर सोन्याचा पत्रा आणि सगळ्यावर बर्फ. वेलबुट्टीतलं एक पान दुसऱ्यासारखं नाही. साच्यातलं काम मला लांबूनच कळतं. हे हातचं होतं. खरंच, माझे डोळे भरून आले.

वर्षाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीसमोर, रस्त्यापलीकडे, असंच एक घर होतं. प्रत्येक खिडकीच्या वर गिलाव्यात घडवलेला एक चेहरा. एका खिडकीवर मात्र नुसताच गुळगुळीत गोळा. दुसऱ्या सकाळी त्या गोळ्याला कपाळ आणि नाक आलं होतं.

परांची नव्हती. खालच्या बर्फावर पाऊल उमटलं नव्हतं. आणि उणे अठरात गिलावा धरतच नाही, त्यातलं पाणी आधी गोठतं.

"समोर कोण काम करतंय गं?"

"तिथं कोण ऱ्हात न्हाय, आण्णा. मी आल्यापास्नं बंदच हाय की."

तिसऱ्या दिवशी ओठ आले, हनुवटीवर खळी आली. वर्षाची खळी. मी घाबरायला हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, मला अभिमानच वाटला. काय हात होता! आता फक्त डोळे राहिले होते. माझ्या कारखान्यातही डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ती मीच करतो, दुसऱ्या कुणाला ब्रश धरू देत नाही.

चौथ्या सकाळी बॅगा भरून झाल्या. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. तिच्यातून पलीकडचा तो बिनडोळ्यांचा चेहरा पुसट दिसत होता. चाळीस वर्षांची सवय. बोट आपसूक उठलं. त्या चेहऱ्यावर नेमके बसतील असे दोन डोळे मी काचेवर काढले.

मग वाफ पुसली.

पलीकडच्या चेहऱ्याला डोळे होते.

मी खिडकीकडे पाठ करून वळलो. वर्षा समोर खुर्चीत बसली होती, डोळे मिटून.

"आण्णा," ती म्हणाली, "तुमच्या स्वेटरची शिवण पाठीमागनं उसवलीया."

तिला घेऊन आलो. आता मार्च संपत आलाय. डॉक्टर म्हणतात, डोळ्यांत काही दोष नाही. ती डोळे उघडते, पण इथलं तिला काहीच दिसत नाही. हाताला धरून न्यावं लागतं. तिला दिसतो तो रस्ता, ती खोली. मी कारखान्याला कुलूप लावलंय. माझ्या हातांची मला घाण वाटते.

काल दुपारी उन्हानं पत्रे तडतडत होते. अंगणात बसलेल्या वर्षानं अंग आक्रसून घेतलं.

"आण्णा, पापणीवर बर्फ बसलाय. काय दिसंना झालंय. पुसा की."

मी अंगठ्यानं तिची पापणी पुसली. नखावर एक पांढरा कण आला. विरघळायला त्याला बराच वेळ लागला.