चार हजार एकशे तेरावा शब्द

लॅपटॉप माझा भाचा लीलाधर घेऊन आला. बडोद्याला कंपनीत होता तो. १९९७ चा एप्रिल, धुळ्यात ऊन असं की देवपूरचा रस्ता अकरा वाजताच ओस पडायचा.

"मामा, तो डबा आता फेका," माझ्या जुन्या संगणकाकडे बघून तो म्हणाला. "हे विंडोज आहे. आज्ञा टाइप करायच्या नाहीत, चित्रावर बोट ठेवल्यासारखं करायचं."

मी कॉलेजातून निवृत्त झालेला, लग्न न केलेला माणूस. दोन खोल्या आणि एक काम, एवढाच माझा संसार. काम म्हणजे आमच्या खान्देशी बोलीचा कोश. अकरा वर्षं गावोगाव हिंडून मी शब्द जमवले होते. प्रत्येक शब्दाची नोंद सारखी: शब्द, व्याकरण, अर्थ, उदाहरण. एकूण चार हजार एकशे बारा. मे अखेर हस्तलिखित छापखान्यात द्यायचं होतं.

लीलाधरनं फ्लॉप्यांवरून सगळं नव्या यंत्रात उतरवलं, काही जोडाक्षरं तुटली ती जोडून दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेला.

नव्या यंत्राबद्दल माझं पहिलं मत चांगलं होतं. पडदा समोरून पाहिला तर स्वच्छ, जरा बाजूला सरकलं की काळपट. बाण चालवायचा गोळा अंगठ्याखाली घसरायचा. मांडीवर ठेवलं तर ऊब लागायची, एखादं जनावर बसल्यासारखी. पण सगळ्यात जाणवली ती शांतता. जुन्या संगणकाचा पंखा दिवसभर घरघरायचा. तो बंद झाला तेव्हा कळलं, मी इतकी वर्षं त्याला सोबत समजत होतो. आता घरातलं सगळं ऐकू येऊ लागलं. माठातून ठिबकणारं पाणी. पत्रे तापल्याचा आवाज. माझाच श्वास.

तिसऱ्या दिवशी खालच्या पट्टीत नोंदींचा आकडा दिसला: ४११३.

मी वहीशी ताडून पाहत गेलो. दुपारी तो शब्द सापडला, वर्णक्रमात अगदी बरोबर जागी. तो इथे लिहीत नाही. मी तो कधी ऐकला नव्हता. अर्थ मात्र माझ्याच पद्धतीनं दिलेला: 'एकट्या माणसाला दुसऱ्या खोलीतून ऐकू येणारा, उठून पाहावं इतका मोठा नसलेला आवाज.'

कोपऱ्यावरच्या बूथवरून मी लीलाधरला फोन लावला.

"मामा, उतरवताना अक्षरं तुटतात," तो हसला. "नवे शब्द नाही तयार होत. तुम्हीच लिहिला असेल कधीतरी. पुसून टाका."

मी पुसला. आकडा ४११२ झाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली. कूलर थांबला, वरचा पंखा फिरत फिरत थांबला. ऊन नको म्हणून खिडक्या लावलेल्या, त्यामुळे खोलीत अंधार. जुना संगणक अशा वेळी मरायचा. हा बॅटरीवर तसाच उजळत राहिला.

स्वयंपाकघरात काहीतरी हललं. ताटाची कड भिंतीला टेकावी, एवढंच.

मांजर असेल म्हणून मी उठलो नाही. पडद्याकडे पाहिलं. ४११४.

पुसलेला शब्द जागेवर परत आला होता. नवा त्याच्या लगेच खाली होता. अर्थ: 'तसा आवाज केल्यावर तो माणूस उठतो का, याची वाट पाहणे.'

मी दोनदा वाचलं. मग यंत्र तसंच उघडं ठेवून बाहेर ओट्यावर, उन्हात जाऊन बसलो.

सकाळच्या पहिल्या एसटीनं सोनगीर गाठलं. तिथं मंजुळाबाई होत्या, ऐंशीच्या पुढच्या. माझ्या कोशातले चार-पाचशे शब्द त्यांच्या तोंडचे. सून बेबाबाईनं चहा दिला. तांबटांचे ठोके ऐकू येत होते. मी पहिला शब्द उच्चारला.

मंजुळाबाईंनी कप खाली ठेवला.

"तुम्हले कोनी सांगा हाऊ शबद?"

"कोणी नाही, आजी. आपल्या बोलीतला आहे ना?"

"आयकेल शे. पन आम्हना नही."

"मग कोणाचा?"

त्यांनी दाराकडे पाहिलं. "मनी माय मळामा एकली ऱ्हाये. तिना घरमा आयकू ये."

"म्हणजे तुमची आई हा शब्द बोलायची?"

"माय ते मुकी व्हती," मंजुळाबाई म्हणाल्या.

बेबाबाई कप उचलायला आली होती, ती तशीच उभी राहिली. निघताना मंजुळाबाईंनी माझा हात धरला. "पुस्तकमा टाकू नका, सर."

घरी आलो आणि दोन्ही शब्द पुसले. या वेळी ते परत आले नाहीत. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. आकडा ४११२ वर स्थिर. स्वयंपाकघरातही काही हललं नाही. मी सुटलो होतो.

खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं. पाचव्या दिवशी दुपारी माझ्या लक्षात आलं की मी काम थांबवून कान देऊन बसलोय. दिवसभरात मी कोणाशी एक शब्द बोललो नव्हतो. दूधवाल्याशीसुद्धा नाही. साठ वर्षांत माझी वाट कोणी पाहिली होती? आठवून पाहिलं. मंजुळाबाईंचं म्हणणंही आठवलं. तरीही मी नवी नोंद उघडली.

दुसरा शब्द, वाट पाहण्याचा, मी माझ्या हातानं लिहिला.

एवढाच. व्याकरण, अर्थ, उदाहरण, सगळं कोरं सोडलं. हात मांडीवर घेतले.

आत ताटाची कड भिंतीला टेकली.

मी उठलो नाही.

पडद्यावरची खूण सावकाश पुढच्या रकान्यात गेली. अक्षरं एकेक करून उमटली, माझ्याच नेटक्या पद्धतीनं, पूर्णविरामासकट.

'क्रियापद. एकवचनी रूप नाही.'